एकही ओरखडा नसलेले रिव्हॉल्व्हर

माझ्या फसवणुकीची सुरुवात एका ओरखड्यापासून झाली आणि तो ओरखडा पाडणाराही मीच होतो. माझ्याकडे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या १९११ रचनेचे, निळसर काळ्या झळाळीचे एक पिस्तूल होते. हे पिस्तूल साफ करून पुन्हा जोडताना स्लाइड स्टॉप नावाची लहानशी दांडी डाव्या बाजूने आत सरकवावी लागते. तिच्या वाटेत स्प्रिंगने रेटलेली एक बारीक खुंटी येते, आणि घाईच्या माणसाने खाच नीट न जुळवताच दांडी जोर लावून वर फिरवली, की तिचे टोक फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यावर, चंद्रकोरीसारखी रेघ ओढते. ही रेघ आजवर इतक्या जणांनी ओढली आहे की इंग्रजीत तिला सरळ ‘मूर्खाचा ओरखडा’ असेच म्हणतात. माझी रेघ बोटाच्या पेराहूनही लहान होती, पण कोणाला पिस्तूल दाखवताना मी नकळत त्याची उजवी बाजू पुढे करू लागलो होतो. पिस्तूल चालत उत्तम होते आणि नेमही चांगला लागत होता. तरीही हातात घेतले की नजर आधी त्या रेघेवरच जायची.

एक झिजलेली स्प्रिंग बदलून घेण्यासाठी मी एका विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा त्याने माझी ही नजर लगेच ओळखली असावी. स्प्रिंग बदलून झाल्यावर त्याने पिस्तूल दिव्याखाली धरले, रेघेवरून नखाची कड दोनदा फिरवली आणि एखाद्या वैद्याने वाईट निदान सांगावे तसा सुस्कारा टाकला. “साहेब, फ्रेमलाच लागलंय हो. गंज इथूनच आत शिरतो. आज कोणी विचारेल, उद्या कोणी हात लावणार नाही.” मग त्याने कपाटातून मऊ कापडात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढे ठेवले. वापरलेले मुळीच नाही, पेटीतून बाहेरच निघालेले नाही, असे सांगून तो म्हणाला, “यावर एक ओरखडा दाखवा.”

त्याची सारी युक्ती या एका वाक्यात होती, हे आज कळते. त्याने मला परीक्षेचा प्रश्न ठरवून दिला आणि मी तेवढाच प्रश्न सोडवत बसलो. पंधरा मिनिटे मी ते रिव्हॉल्व्हर फिरवून फिरवून पाहिले. ओरखडा नव्हता. काडतुसे भरायचा फिरता सिलिंडर हाताने हलवून पाहणे, मागचा घोडा (हॅमर) सावकाश ओढून पाहणे, नळीत उजेड टाकून पाहणे यांपैकी काहीही मी केले नाही, कारण विचारले होते ते ओरखड्याचे. माझे पिस्तूल ‘डागी’ म्हणून निम्म्याहून कमी किमतीत धरले गेले आणि वर मी बरीच रक्कम मोजली. परवान्याची नोंद आणि हस्तांतराची कागदपत्रे सगळी रीतसर झाली. त्या कागदांत ‘वापरलेले, आहे त्या स्थितीत’ असे छापलेले होते आणि तोंडी सांगितलेल्या ‘मुळीच न वापरलेले’शी त्याचा मेळ बसत नव्हता. सही करताना मी ते वाचले नाही. फसवणुकीतला माझा वाटा कोणता, असे कोणी विचारले तर तो हा.

नेमबाजीच्या ठिकाणी तिसऱ्यांदा सिलिंडर भरून झाडत असताना शेजारच्या जागेवरचे गृहस्थ एकदम मागे सरले आणि गाल चोळू लागले. त्यांच्या गालावर शिशाचा एक बारीक कण रुतला होता. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावले. मी तिथेच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी ते रिव्हॉल्व्हर एका जुन्या, अबोल कारागिराकडे नेले.

कारागिराने ते रिकामे असल्याची दोनदा खात्री केली आणि झळाळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने सिलिंडरवर बोट अलगद टेकवून घोडा अगदी हळू मागे ओढला. घोडा पूर्ण मागे येऊन अडकला, तरी सिलिंडर आपल्या खाचेत बसलाच नाही. केसभर अलीकडेच राहिला. म्हणजे गोळी सुटताना सिलिंडरचे छिद्र आणि नळीचे तोंड एका रेषेत येत नव्हते, गोळीची कड तासली जात होती आणि तासलेले शिसे सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बाजूला उडत होते. सिलिंडर मागेपुढे हलवला तर टकटक ऐकू येत होती. त्याने फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याची, पातळ पट्टी घालून पाहिले, तेव्हा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत असायला हवी ती फट पुष्कळच जास्त निघाली. फटीच्या बरोबर वर, फ्रेमच्या आतल्या अंगाला, गरम वायूच्या झोतांनी कोरलेली आडवी चीर होती. अशी चीर पेटीत पडून राहिलेल्या रिव्हॉल्व्हरला पडत नाही. त्यासाठी भारी काडतुसे पुष्कळ झाडावी लागतात.

मग त्याने खिडकीशी उभे राहून सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसले आणि ते माझ्या हातात दिले. “आता बघा,” एवढेच तो बोलला. तेल गेल्यावर आणि दिवसाच्या उजेडात तीच वस्तू वेगळी दिसू लागली. स्क्रूच्या छिद्रांच्या कडा धारदार असायला हव्यात, त्या बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. नळीवरच्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या नावासारख्या विरघळलेल्या होत्या. बाजूच्या झाकणाचा सांधा मूळ घडणीत शोधूनही सापडू नये इतका घट्ट असतो, तो इथे नखाला लागत होता. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि चाप यांचा पृष्ठभाग वेगळ्या प्रक्रियेने कठीण केलेला असल्याने त्यांवर करड्या-तपकिरी लहरी असतात. इथे तेही बाकीच्या अंगासारखे काळेभोर होते. सिलिंडरला जागेवर धरणारी कळ खालून घासत असल्यामुळे वापरलेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरभोवती एक बारीक रेघ उमटते. आतले भाग इतके झिजलेले असताना ही रेघ मात्र नव्हती. एवढ्या वापराच्या रिव्हॉल्व्हरवर एकही ओरखडा नसणे हीच खरी शंकेची जागा होती, आणि मी तिलाच भुललो होतो.

झाले होते ते असे. निळी झळाळी म्हणजे रंगाचा थर नसतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या साधारण १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात पोलाद बुडवले, की त्याच्या पृष्ठभागावरच्या लोखंडाचेच काळे ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, बनते. हा थर इतका पातळ असतो की तो खड्डा भरत नाही आणि चराही झाकत नाही. जुने रिव्हॉल्व्हर नवे दाखवायचे तर आधी गंजाचे खड्डे जाईपर्यंत धातूच घासावा लागतो. ते काम मऊ बफच्या चाकावर घाईने उरकले, की कडा गोल होतात आणि अक्षरे पुसट होतात. किरकोळ ओरखडे लपवायला सेलेनियमयुक्त द्रावण थंडच चोळण्याचीही एक पद्धत आहे. तो रंग आजूबाजूच्या झळाळीशी क्वचितच जुळतो आणि लवकर उडतो. भरपूर तेल चोपडून ठेवण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

राहिला विक्रेत्याचा गंजाचा धाक. तो अर्धा खरा होता आणि म्हणूनच कामी आला. निळ्या झळाळीच्या पोलादावरची उघडी रेघ घामाच्या हाताने गंजू शकते हे खरे, पण त्याला उपाय तेलाचे एक बोट. मुळात ही झळाळीही तेलावाचून गंज फार काळ थोपवत नाही. नायट्राइडिंग केलेल्या, म्हणजे नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कठीण केलेल्या, स्लाइडवरचा (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरचा) काळा रंग होल्स्टरमध्ये घासून उडाला तरी खालचा कठीण थर शाबूत असतो. स्टेनलेस पोलादावरचा ओरखडा तर बारीक घासणीने मिटवता येतो; अशा पोलादाची रिव्हॉल्व्हर १९६५ पासून बाजारात आहेत. निकेलच्या मुलाम्याची गोष्ट मात्र वेगळी, कारण तो फाटला तर गंज खाली पसरून पापुद्रे सुटतात. नळीच्या तोंडाच्या कडेवर लहानसा टवका उडाला तरी नेम बिघडतो, म्हणून तिथे ओरखड्याची पर्वा जरूर करावी. शस्त्रावर कोरलेल्या क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर किंमत न विचारता तिथून निघावे; तो प्रश्न पोलिसांचा होतो.

संग्राहकांची गोष्ट थोडी निराळी, असे मला पूर्वी वाटायचे. त्यांना निष्कलंक वस्तू हवी असते हे खरे, पण निष्कलंक आणि मूळची. सुरुवातीच्या काळातल्या लुगर या जर्मन पिस्तुलांचा चाप आणि काही लहान भाग वाळलेल्या गवतासारख्या पिवळसर रंगाचे असत. पुन्हा झळाळी चढवताना हे भाग काळे करून टाकलेले लुगर आणि कडा पांढऱ्या पडलेले पण अस्सल लुगर शेजारी ठेवले, तर जाणकार दुसरेच उचलतो.

मी विक्रेत्याकडे परत गेलो. त्याने आवाज न चढवता माझ्याच सहीवर बोट ठेवले. पेटीतून न निघालेल्या रिव्हॉल्व्हरबद्दलचे त्याचे शब्द ऐकणारा तिसरा कोणी तिथे नव्हता आणि मी ते लिहून मागितले नव्हते. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या खऱ्या किमतीपलीकडे जात असल्याने ते रिव्हॉल्व्हर आज माझ्याकडे न झाडता पडून आहे, आणि दिसायला अजूनही देखणे आहे.

काही महिन्यांनी नेमबाजीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना त्याच दुकानात १९११ रचनेचे एक पिस्तूल पसंत पडले होते, पण फ्रेमच्या डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखी रेघ होती. विक्रेता त्यांना म्हणाला होता, “ओरखडा काय साहेब, नुसता वरवरचा. आतलं काम बघा, ठणठणीत आहे.” तो या वेळी खरे बोलत होता. ती रेघ कोणी ओढली हे मी त्यांना सांगितले, स्प्रिंग नुकतीच बदललेली आहे हेही सांगितले, आणि पिस्तूल घ्यायला सांगितले.