डायनॅमो बदलल्याचे साडेआठ हजार घेतले, पण बोल्टला पानाच लागला नव्हता

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, एवढ्या एका तक्रारीवर माझ्याकडून १३,४०० रुपये काढले गेले आणि मूळ दोष जागच्या जागी राहिला. कोल्हापुरात माझ्यासारखी आठवड्यातून एकदाच गाडी बाहेर काढणारी बरीच माणसं आहेत, त्यांनी हे नीट वाचावं.

मी शाळेत शिकवते. रोजचं जाणं-येणं स्कूटीवर, त्यामुळे कार सोमवार ते शुक्रवार कळंब्यात घराखाली उभी असते. शनिवारी आईला घेऊन गारगोटीला जायचं, रविवारी रात्री परत. जूनमधल्या एका शनिवारी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. आई पिशव्या घेऊन मागे बसलेली, वर पाऊस. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीवरून जंपर लावला तेव्हा कुठं गाडी सुरू झाली. तशीच नेहमीच्या गॅरेजवर नेली.

मालकानं बॉनेट उघडलं, दोनदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "ताई, बॅटरी बसली. नवीनच टाकायला लागणार." बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावला नाही. नव्या बॅटरीचे ५,४०० दाखवले, जुनीचे ५०० वजा करून ४,९०० घेतले. जुनी बॅटरी १४ महिन्यांचीच होती, तिचं वॉरंटी कार्ड घरी कपाटात होतं. त्यानं विचारलं नाही आणि गडबडीत मलाही सुचलं नाही. वॉरंटीतली बॅटरी मी भंगाराच्या भावात देऊन आले, हे अजून मनाला लागतं.

पुढच्याच शुक्रवारी नवी बॅटरीही गार. आता तो म्हणाला, "डायनॅमो चार्जिंग करत नाही, म्हणून बॅटरी भरतच नाही." मी म्हटलं, डॅशबोर्डवर लाल बॅटरीचा दिवा तर कधी लागला नाही. तर म्हणे, "मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचं." बॅटरी संपली तेव्हा मी ताई होते, प्रश्न विचारला तशी मॅडम झाले. संध्याकाळी गाडी मिळाली. रिकंडिशन डायनॅमो आणि मजुरी धरून ८,५००. जुना डायनॅमो मागितला तर "तो बदल्यात द्यायला लागतो" म्हणाला. पावती साध्या कागदावर, पण मी त्यावर गाडीचा नंबर आणि काय बदललं ते लिहून, सही करून घेतलं.

जुलैत पुन्हा तेच झालं, तेव्हा त्यानं गाडीचा कॉम्प्युटर बदलायचे २२,००० सांगितले. तिथं मी थांबले. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या मामांकडे धाडलं.

मामांनी आधी बॅटरी पूर्ण चार्ज केली. मग इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मीटर धरला, १४.२ व्होल्ट. "डायनॅमो झकास आहे," म्हणाले आणि टॉर्च घेऊन खाली वाकले. मला बोलावून डायनॅमोचे बोल्ट दाखवले. बोल्टाच्या डोक्यावर आणि भोवती तेल-मातीचा काळा थर घट्ट बसलेला, कुठं एक चकाकती रेघ नाही. "ताई, ह्याला कंपनीतनं आल्यापासनं पाना लागलेला नाही." माझ्या हातापायातलं बळच गेलं. तिथंच मोबाईलवर फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा शोध सुरू झाला. मामांनी निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवली आणि वायर अन् टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडला, १० अँपिअरच्या खाचेत. दारं बंद, किल्ली लांब टेबलावर. बॉनेट उघडं ठेवायचं म्हणून त्याचं लॉक पेचकसानं दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला ते बंदच वाटतं. अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल झोपी जायला तेवढा वेळ लागतो. आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली यायला हवा होता. आला ०.४५. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो, हे मामांनी बजावून सांगितलं.

एकेक फ्यूज काढून बघितला. आकडा हलेना. मग मामांनी बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट आत गेलेली एक लाल वायर बोटानं धरत नेली आणि डाव्या सीटखाली हात घातला. मलाही घालायला लावला. गाडी रात्रभर मामांच्या शेडमध्ये बंद उभी होती, सकाळचे दहा वाजलेले, बाहेर गार हवा, आणि सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर कोमट होता. लेकाच्या हट्टापायी मे महिन्यात तो बसवला होता. त्याच गॅरेजमध्ये. अ‍ॅम्प चालू करणारी बारीक वायर म्युझिक सिस्टिमच्या रिमोट वायरला जोडायची, ती त्यांनी थेट कायमच्या सप्लायला जोडून ठेवली होती. सिस्टिम बंद केली तरी अ‍ॅम्प चालूच. ०.४५ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळजवळ ११ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ ची. तीन-चार दिवसांत ती बसणारच होती, कितीही नवी टाका. मामांनी वायर जागेवर जोडली, आकडा ०.०३ झाला. घेतले ४०० रुपये.

वायर चुकीची जोडली, ती चूक मी समजू शकते. माणसाच्या हातून होते. पण न बदललेल्या डायनॅमोचे पैसे घेणं ही चूक नव्हे, आणि तेही पावसापाण्याचं म्हातारीला घेऊन निघणाऱ्या बाईकडून. तुमची गाडी चालवताना ठणठणीत आणि उभी राहिली की बसत असेल, तर काहीही बदलायच्या आधी "निगेटिव्हला मीटर लावून किती अँपिअर जातात ते माझ्यासमोर दाखवा" एवढंच म्हणा. मागून बसवून घेतलेलं सामान, अ‍ॅम्प, कॅमेरा, ट्रॅकर, आधी तपासायला लावा. डायनॅमोच्या आत डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेला तरी उभ्या गाडीत करंट उतरतो, हे खरं आहे, पण डायनॅमोची वायर सोडवून मीटर बघितला की तेही पाच मिनिटांत कळतं. काढलेला पार्ट ताब्यात घ्या, नाहीतर निदान फोटो काढा.

गॅरेजमालकाला फोटो दाखवले तर म्हणाला, "पोरानं केलं असेल, मी त्या दिवशी नव्हतो." पैसे परत देतो म्हणाला, दिले नाहीत. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, तिथला अर्जही लिहून तयार आहे. त्याला सही असलेली पावती जोडली आहे, आणि त्या काळ्या बोल्टांचे चार फोटो.