व्हिएतनामची रात्रीची स्लीपर बस: उंच असाल तर आधी वाचा

आधीच सांगते, माझी उंची पाच फूट एक इंच आणि नवऱ्याची पाच फूट अकरा, त्यामुळे एकाच बसबद्दल आमच्या दोघांची मतं इतकी वेगळी आहेत की हा रिव्ह्यू कोणी लिहायचा यावरूनच घरात वाद झाला. मी जिंकले.

व्हिएतनाम म्हणजे लांबच लांब पट्टी. वरून हनोई, खाली सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी), आणि मधे रेल्वेने 1,726 किलोमीटर. कमी पैशात हे अंतर कापायचं तर तिकडे सगळे एकच सांगतात, रात्रीची स्लीपर बस घ्या, हॉटेलचं एक रात्रीचं भाडं पण वाचेल. ऐकायला भारी वाटतं. आम्ही दोनदा गेलो, एकदा साध्या स्लीपरने हनोई ते ह्वे आणि एकदा केबिनवाल्या बसने होई आन ते न्या त्रांग, आणि दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक निघाला.

साधी स्लीपर म्हणजे तीन रांगा, दोन मजले, मधे दोन अरुंद बोळ. सीट पूर्ण आडवी होत नाही, अर्धवट झोपल्यासारखं टेकायचं आणि पाय पुढच्या माणसाच्या डोक्याखाली एक खोका असतो त्यात सरकवायचे. मी मस्त मावले. नवऱ्याचे गुडघे रात्रभर वर, सकाळी खाली उतरला तेव्हा खुर्चीच्या आकारातच चालत होता. त्यात आम्हाला मिळाल्या अगदी मागच्या सीट, वरच्या मजल्यावरच्या. तिथे पाच जणांचा एक सलग पलंग असतो, पडदा नाही, आडोसा नाही, शेजारी कोण येईल ते नशीब. बाईमाणसाने एकटीने जाताना तर ती जागा अजिबात घेऊ नये, आणि वर आहे म्हणून हलतेपण जास्त. हॉस्टेलच्या काउंटरवर तिकीट काढताना सीट नंबर विचारला तर ते म्हणाले बसमधे बसल्यावर बघा, आणि आम्ही येड्यासारखे हो म्हटलं. आता मी आधी बसचा नकाशा दाखवा म्हणते, खालचा मजला, मधला भाग, आणि नंबर कागदावर लिहून घेते.

पिकअपचं पण तसंच. साडेपाचला तयार राहा म्हणाले, छोटी व्हॅन आली सहा वीसला, मग जुन्या हनोईच्या गल्ल्यांतून तासभर फिरून एकेक माणूस गोळा केला आणि शेवटी शहराबाहेर मोठ्या बसपाशी सोडलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिकडे एकसारख्या नावाच्या चार चार कंपन्या असतात, तुम्ही नाव बघून जाल आणि भलत्याच बसमधे बसाल. नावापेक्षा बसचा प्रकार आणि अलीकडचे रिव्ह्यू बघा. वेक्सेरे नावाचं तिकडचं अ‍ॅप आहे त्यावर सीट स्वतः निवडता येते, बसचे फोटो दिसतात.

बसमधे चढताना चपला बूट काढायचे, पिशवी देतात त्यात टाकून आपल्याजवळ ठेवायचे. ही पद्धत मला फार आवडली, घरात शिरल्यासारखं वाटतं. रात्री हॉल्टला उतरताना दाराशी प्लास्टिकच्या सपातांचा क्रेट ठेवलेला असतो, मिळेल ती जोडी घालून जायचं. बसमधे टॉयलेट बहुतेक नसतंच आणि हॉल्ट दोनच झाले, म्हणून संध्याकाळनंतर पाणी जपून प्या. एसी म्हणाल तर बर्फ. ब्लँकेट देतात पण ते पातळ, स्वेटर मोजे मोठ्या बॅगेत टाकून डिकीत दिलेत तर रात्रभर स्वतःलाच शिव्या द्याल. आणि हॉर्न! ड्रायव्हर रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावर कोणाला वाजवतो देव जाणे, इअरप्लग न्याच.

खाण्याचं शाकाहारी लोकांनी नीट ऐका. हायवेच्या हॉल्टवर काहीही शुद्ध शाकाहारी मिळेल ही आशा सोडा, भाजी दिसली तरी त्यात माशाचा सॉस असू शकतो. केळी, दाणे, पाव बसमधे चढायच्या आधीच घ्या. शहरात मात्र अडचण नाही, 'कॉम चाय' पाटी शोधायची, चाय म्हणजे तिकडे शाकाहारी. आणि हनोईकडे चहाला म्हणतात जवळपास 'चा', त्यामुळे पहिले दोन दिवस माझा पार गोंधळ.

पैशाचं. साध्या बसचे माणशी साडेतीन लाख डाँग (तिकडचं चलन) पडले, केबिनचे साडेचार लाख. घाबरू नका, शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरेल त्याला साधारण सव्वातीनने गुणायचं, म्हणजे साडेअकराशे आणि साधारण पंधराशे रुपये. तीनसव्वातीनशे रुपये जास्त देऊन केबिनमधे स्वतःचा पडदा, सरळ पाय, चार्जिंग पॉइंट, आणि रांगा दोनच. नवरा पूर्ण झोपला आणि घोरला, म्हणजे बघा. पैसे देताना नोटा उजेडात बघून द्या, 20 हजाराची आणि पाच लाखाची दोन्ही निळ्या असतात, हॉल्टवरच्या अंधारात मी पाण्याच्या बाटलीला पाच लाखाची काढली होती, त्या बाईनेच परत दिली.

आता हॉटेलचं भाडं वाचतं का, खरा मुद्दा हा. ह्वेला जाताना वाचलं, कारण तेरा तास लागले आणि सकाळी आठला पोचलो. पण सापा या उत्तरेकडच्या डोंगरातल्या गावाला रात्रीच्या बसने जाऊ नका. 2014 मधे एक्सप्रेसवे झाल्यापासून हनोई ते सापा पाचसहा तासांत होतं, म्हणजे रात्री दहाला निघालात तर पहाटे चारला डोंगरात थंडीत. काही बस सहापर्यंत आतच झोपू देतात, सगळ्या नाही. फोंग न्याच्या गुहांकडे जाणाऱ्या बसचंही हेच, भल्या पहाटे सोडतात, मग त्या वेळी रूम उघडून घेतलीत की अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. कुठे वाचलं मग? हॉस्टेलच्या डॉर्मचा बेड तिथे दीड लाख डाँगला मिळतो, म्हणजे वाचवायचे तरी किती, पाचशे रुपये. तिकीट काढायच्या आधी पोचायची वेळ विचारा, निघायची नको.

आणि ह्वे ते दा नांग बसने जायचंच नाही, ट्रेन घ्या. अडीचतीन तास लागतात, हाय वान घाटात रूळ समुद्राच्या कडेकडेने वळत जातात, खाली लांग कोचं पाणी दिसतं. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी. होई आनला मात्र स्टेशन नाही, दा नांगला उतरून पुढे तीसेक किलोमीटर ग्रॅब (तिकडची अ‍ॅपवरची टॅक्सी) किंवा शेअर व्हॅन.

व्हिसाचं थोडक्यात, ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा, सिंगल एंट्रीचे 25 डॉलर, सरकारी साइटवरच भरा, तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट दुप्पट घेतात. आणि तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीतरी येतं, त्या आठवड्यात अख्खा देश गावी जातो, बस फुल आणि भाडं वाढलेलं.

मार्क द्यायचे तर साध्या स्लीपरला पाचपैकी अडीच, केबिनला चार. नवऱ्याला विचाराल तर साधीला शून्य. न्या त्रांगला उतरल्यावर कळलं की त्याचे स्वतःचे बूट पिशवीसकट बसमधेच राहिले आणि हा हॉल्टवरच्या निळ्या सपाता घालून रस्त्यावर उभा होता, अजून आहेत त्या, गॅलरीत वापरतो.