चरंगोवर ल्यूटचं संगीत: आहे त्या तारांवर, तारा बदलून, की सरळ ल्यूट घेऊन?

चरंगो म्हणजे बोलिव्हिया-पेरूकडचं, साधारण 37 सेंटिमीटर तारलांबीचं वाद्य. दोन-दोन तारांच्या 5 जोड्या, पाचवीकडून पहिलीकडे जी, सी, ई, ए, ई. पहिली जोडी ईवरून डीवर उतरवली, की लागोपाठ अंतरं होतात सा-म, सा-ग, सा-म, सा-म. ल्यूट म्हणजे युरोपातलं जुनं तंतुवाद्य. सहा जोड्यांच्या ल्यूटच्या पहिल्या पाच जोड्यांतही हीच अंतरं आहेत. त्यामुळे फ्रेंच टॅब्लेचरमधलं (स्वरांऐवजी पडदे अक्षरांनी दाखवणाऱ्या लिपीतलं) अक्षर ज्या पडद्यावर बोट ठेवायला सांगतं, त्याच पडद्यावर ते चरंगोवरही पडतं.

अडचण आहे ती सप्तकाची. चरंगोवर सीची (चौथी) जोडी एच्या (दुसऱ्या) जोडीपेक्षा वर बोलते, आणि तिसऱ्या, ईच्या जोडीतली एक तार दुसरीपेक्षा सप्तकभर वर. म्हणून ल्यूटवर चौथ्या जोडीवर असलेला खालचा स्वर इथे दुसऱ्या जोडीवरच्या चालीच्या डोक्यावर जाऊन बसतो. दुसरीवरून तिसरीवर उतरणारी तान मध्येच वर उडी मारते. स्वरमेळ झणकारून वाजवायचे नाच असतील तर हे चालतं, छानही वाटतं. दोन-तीन स्वतंत्र ओळींच्या फॅन्टसीत मात्र चाल ऐकूच येत नाही.

यावर उपाय तारा बदलण्याचा, आणि तो करण्याजोगा आहे. चौथ्या जोडीला सोप्रानो उकुलेलेच्या (गिटारसारख्या छोट्या, चार तारांच्या वाद्याच्या) दोन सी तारा लावा. तिसरीतली बारीक तार काढून तिथे उरलेल्या तारेच्याच जाडीची दुसरी लावा. पाचवीत एक जी तशीच ठेवा, दुसरी खालच्या जीची, गुंडाळीची. आता सगळे स्वर क्रमाने लागतात आणि वाद्य ल्यूटच्या एक पंचम वर बोलतं. सोप्रानो उकुलेलेपेक्षा तारलांबी जास्त असल्याने त्याच तारेवर ताण 10 ते 15 टक्के वाढतो, तो चालतो. बिघडतं ते मानेच्या टोकाच्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या खाचेत: जाड तार अरुंद खाचेत वर अडकून राहते आणि पहिल्या दोन पडद्यांवर स्वर चढा येतो. खाच आधी रुंद करा, आणि घोडीचं भोक पुरतंय का ते पाहा.

सहावी जोडी चरंगोवर नाहीच. तिचा मोकळा स्वर चौथ्या जोडीच्या दुसऱ्या पडद्यावर, सप्तकभर वर, घ्यावा. चौथी आधीच गुंतलेली असेल तर सोडून द्यावा. प्रकाशक अतेन्याँने 1530 साली पॅरिसमध्ये छापलेले बास-दान्स (एक दरबारी नाच) असे निभतात. इटलीचा ल्यूटवादक फ्रान्चेस्को दा मिलानोच्या फॅन्टसींत ही तडजोड खुपते. इंग्लंडचा ल्यूटवादक डाउलंडच्या पाव्हानांत (संथ नाचांत) तर खर्ज हाच कणा, तिथे चरंगोचा आग्रह धरू नये.

चार जोड्यांच्या गिटारसाठीचं त्या काळचं संगीत, उदाहरणार्थ स्पेनच्या मुदार्राच्या 1546च्या संग्रहातलं, बदललेल्या चरंगोवर जवळजवळ जसंच्या तसं बसतं: पहिली जोडी सोडायची, उरलेल्या चार वापरायच्या. तारा बदलणार असाल तर सुरुवात इथूनच करा.

ल्यूट घ्यावी ती खर्जासाठी. तिचे आतड्याचे, बांधलेले पडदे सरकवून गंधार मऊ करता येतो. चरंगोचे धातूचे पडदे हलत नाहीत. अंगठा आणि तर्जनी आळीपाळीने, जड-हलकं, अशी उजव्या हाताची सवय मात्र चरंगोवरच लावून घेता येते आणि ल्यूटवर ती तशीच उपयोगी पडते.