वर्षात एक मोठी सहल की चार लहान? सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी हिशेब

प्रश्न दरवर्षी तोच असतो. साठवलेल्या रजा एकदम काढून केरळ, राजस्थान नाहीतर कोकण गाठायचं, की दोन-तीन दिवसांच्या सहली वर्षभर पेरायच्या? उत्तर तुमच्या कामाच्या आठवड्यावर, मुलांच्या वयावर आणि घरातल्या मोठ्यांच्या गुडघ्यांवर ठरतं. म्हणून आधी रजांचा हिशेब.

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. अशा नोकरदाराने पाच रजा सलग घेतल्या तर दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस मिळतात. त्याच पाच रजा एकेक करून शुक्रवारी किंवा सोमवारी टाकल्या, तर तीन-तीन दिवसांच्या पाच सहली होतात, म्हणजे पंधरा दिवस. इथे लहान सहलींचं पारडं उघडच जड आहे. सहा दिवस काम करणाऱ्याचं गणित मात्र वेगळं. सहा रजा सलग घेतल्या तर दोन रविवार धरून आठ दिवस, आणि दोन-दोन करून घेतल्या तर तीन दिवसांच्या तीन सहली, म्हणजे नऊ. फरक जवळजवळ नाहीच. बँकेतल्यांनी दुसरा आणि चौथा शनिवार धरून आखलं तर रजा वाचते. दुकानदाराला रजा नसते, पण एक दिवस शटर बंद राहिलं तर गिऱ्हाईक उद्या येतं. आठ दिवस बंद राहिलं तर ते शेजारच्या दुकानाची सवय लावून घेतं. त्यामुळे व्यापारी घरांना आमचा सल्ला लहान सहलींचाच.

यातून प्रवासाचे दिवस वजा करा. सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर असल्याने दक्षिणेच्या गाड्या मिळतात, तरी रेल्वेने केरळला जाण्यायेण्यात नवातले दोन-तीन दिवस जातात. मोठ्या सहलीचे खरे दिवस सहाच उरतात. कोकणचा रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी असा आहे, साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. मुलं बरोबर असली की आठ-नऊ तास धरावेत. म्हणून दोन मुक्कामांसाठी कोकण ठरवू नका, चार तरी हवेत. बहुतेकांची चूक कोल्हापुरात होते: दुपारी तांबडा-पांढरा भरपेट जेवायचं आणि लगेच घाटाला लागायचं. मागच्या सीटवरची मुलं उलट्या करणारच. तिथे हलकं खा, मुलांना खिडकीशी बसवून मोबाइल काढून घ्या, आणि प्रवास लागणाऱ्याची गोळी घाटात नको, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या. कोणती गोळी आणि किती, हे मुलाच्या वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून ठेवा.

लहान सहलीत आमची पहिली पसंती बदामी. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर आणि तिथून बदामी सव्वाशेच्या आत. शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघा म्हणजे गर्दीआधी गोलघुमटाच्या दारात पोहोचाल. ही वेळ महत्त्वाची आहे, कारण वरच्या सज्जातला प्रतिध्वनी शांततेतच ऐकू येतो. डिसेंबरात शाळांच्या सहली येतात आणि दहानंतर वर नुसत्या आरोळ्या असतात. भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्याला ऐकू जातं, ही गंमत मग अनुभवताच येत नाही. वर जायला सात मजल्यांचे अरुंद जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना भरीस घालू नका, त्यांना खालच्या बागेत सावलीत बसवा आणि फारसा चढाव नसलेला इब्राहिम रोजा हा मकबरा त्यांच्यासाठी राखून ठेवा. आवारातलं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं. ते पाहायचंच असेल तर परतीत रविवारी पाहा.

वाटेत कोल्हारला कृष्णा लागते. तिथलं मडक्यातलं दही घेऊन पुढे निघालं की दुपारपर्यंत बदामी. ऊन उतरल्यावर लेण्यांत जा. चार लेणी आहेत, तांबड्या वालुकाश्मात कोरलेली. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख, चौथं लेणं जैन. मुलांना नटराजाचे हात मोजायला सांगा. मोजलेली गोष्ट लक्षात राहते. माकडं फार आहेत आणि प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ओढतात, म्हणून खाऊ गाडीतच ठेवा. संध्याकाळ अगस्त्य तलावाच्या काठी काढा. दुसऱ्या दिवशी पट्टदकल, साधारण बावीस किलोमीटर, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. तिथलं विरुपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयाच्या स्मरणार्थ बांधवलं. आणखी थोडं पुढे ऐहोळे. बनशंकरीचं देऊळ गावापासून पाच किलोमीटरवर आहे आणि सोलापुरातल्या पुष्कळ घरांची ती कुलदेवता, त्यामुळे आजी-आजोबांसाठी सहलीचं कारण तेच ठरतं. फक्त पौषातल्या जत्रेच्या दिवसांत खोली मिळणं अवघड असतं.

याच तीन दिवसांत हंपीही उरकायचा मोह होतो. उरकू नका. बदामीहून हंपी जवळजवळ दीडशे किलोमीटर, म्हणजे तीन-साडेतीन तास, आणि हंपीला एकटीलाच दोन मुक्काम लागतात. दोन्ही एकत्र केलं की गाडीतले तास देवळांतल्या तासांपेक्षा जास्त होतात आणि सगळे दगड सारखेच वाटू लागतात. हंपी पुढच्या रजेला ठेवा.

खर्चाचं बघू. बदामीची फेरी आसपासच्या फिरण्यासह साडेपाचशे किलोमीटर धरा. गाडी लिटरला सोळा देत असेल तर पस्तीसेक लिटर, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर ३,६०० रुपयांचं इंधन. कोकणची फेरी नऊशे किलोमीटर धरली तर त्याच हिशेबाने ५,९००. इंधनातला फरक मोठा नाही. खरा फरक मुक्कामांचा: चार माणसांना दोन रात्री आणि पाच रात्री, शिवाय तितकीच जेवणं. वर्षात तीन लहान सहली केल्या तर एकूण खर्च एका मध्यम सहलीच्या आसपास जातो, हे आधीच मान्य करा. लहान म्हणजे स्वस्त, हा गैरसमज आहे. मात्र पैसा तीन हप्त्यांत जातो आणि बोनसची वाट पाहावी लागत नाही.

एका दिवसाच्या सहलींना लोक सहल मानत नाहीत, याचं वाईट वाटतं. हैदराबाद रस्त्यावरचं नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत आहे. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि पाऊस भरपूर होऊन बंधारा भरला की नर आणि मादी धबधबे सुरू होतात. जायच्या आधी पाणी चालू आहे का ते गावात फोन करून विचारा, कोरड्या बंधाऱ्यावर मुलं हिरमुसतात. शेवाळलेल्या दगडांवर साध्या चपला नकोत. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला हिवाळ्यात सूर्योदयाला पोहोचलात तर काळवीट दिसतात. इथला माळढोक पक्षी आता इतका दुर्मीळ झाला आहे की तो दिसेल असं मुलांना सांगून नेऊ नका.

आणि हुरडा. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात एवढाच त्याचा काळ, कारण दाणा पिठूळ झाला की चव गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे कुणाचं शेत ओळखीचं असेल तर आठवडाभर आधी फोन करून दाणा दुधाळ आहे का ते विचारा. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, वर शेंगाची चटणी आणि घट्ट दही. लहान मुलांना चोळण्याचं काम द्या, पण कणीस जरा निवल्यावर. दहा वर्षांनी त्यांना हॉटेल आठवणार नाही, तळहाताला बसलेला चटका आठवेल.

आता आठवणींचा मुद्दा, कारण सहल कशासाठी हे शेवटी तिथेच येतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिलं की अनुभवाची लांबी मनात फारशी नोंदली जात नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून आपण तो चांगला-वाईट ठरवतो. नेदरलँड्समधल्या १,५३० जणांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं की सहलीला निघणारे लोक आधीपासूनच इतरांपेक्षा आनंदी असतात, पण परतल्यावर तो फरक राहत नाही. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांचाच आनंद परतल्यावर काही काळ टिकला. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर लहान सहलींची बाजू भक्कम होते: वाट पाहण्याचे प्रसंग चार, शेवट चार. पण सगळ्याच लहान सहली घाईत उरकल्या तर मग निवांतपणाच राहत नाही, आणि तिथे मोठी सहल जिंकते.

शेवट सांभाळणं सोपं आहे, तरी तोच बिघडतो. रविवारी रात्री अकराला दमून घरी, सोमवारी सकाळी शाळा आणि ऑफिस, मधे धुण्याचा ढीग. मुलांच्या मनात सहल त्या रात्रीच्या चिडचिडीसह बसते. परत येण्याची वेळ दुपारी चार ठरवा आणि तिथून मागे मोजत बेत करा. बदामीहून रविवारी नाश्ता करून निघालात तर विजापुरात संग्रहालय बघून, जेवून चारला घरी पोहोचता. मोठ्या सहलीत परतीनंतरचा एक दिवस रजेतच धरा. नवाऐवजी आठ दिवसच फिरा.

वेळ काढण्याचा भाग डिसेंबरात घरच्या दिनदर्शिकेवर होतो, नंतर होत नाही. तारखा ठरलेल्या सुट्ट्या आधी पाहा. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी आणि १ मे, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर हे तिन्ही शुक्रवारी, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात रजा न घेता चार तीन-दिवसी सहली बसतात. २०२७ मध्ये १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर शनिवारी आणि १५ ऑगस्ट रविवारी. हाताशी शिवजयंतीची १९ फेब्रुवारी शुक्रवारी, आणि मंगळवारची २६ जानेवारी, तिला सोमवारची रजा जोडावी. असं वर्ष मोठ्या सहलीसाठी वापरा. मग सोलापूरच्या आपल्या तारखा खोडा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा असताना कुणी गाव सोडत नाही. आषाढीला एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळतात. कोजागरीच्या सुमारास तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला असतो, तेव्हा त्या बाजूचा बेत नको.

मोठ्या सहलीसाठी रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशे वीस नाही. मे आणि दिवाळीच्या गाड्यांसाठी त्या दिवशी सकाळी आठला तयार राहा. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण भाडं लागतं, तेही धरा. एसटीने जाणार असाल तर महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, पण सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. विजापूरच्या तिकिटात पुढचा टप्पा पूर्ण दराने बसतो. कर्नाटकातली महिलांची मोफत योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे.

मे महिना ही खरी अडचण. मुलं मोकळी तेव्हाच असतात आणि तेव्हाच विजापूर, बदामी, हंपीचा दगड तापून उठतो. सकाळी दहानंतर लेण्यांसमोर अनवाणी उभं राहता येत नाही. म्हणून दगडी गावं दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारीत, आणि मे राखायचा कोकणासाठी. दमट हवा असली तरी आंबा असतो, पाणी असतं. पावसाळा लागला की जलदुर्गांच्या होड्या बंद होतात, तेव्हा मेअखेरीला रेंगाळू नका. कोकणात शिदोरीही बदलते. आपली कडक भाकरी बदामीला तीन दिवस कुरकुरीत राहते, रत्नागिरीत रात्रीतून मऊ पडते. तिथे नेताना भाकऱ्या हवाबंद डब्यात भरा आणि एका वेळी लागतील तेवढ्याच काढा. शेंगाची चटणी कोरडी असेल तर दोन्हीकडे टिकते.

आमचा कौल असा. मुलं दहाच्या आतली, घरात सत्तरीचे कुणी आणि पाच दिवसांचा आठवडा असेल, तर बदामी, हुरडा, नळदुर्ग आणि एक हंपी, असं वर्ष घ्या. मुलं आठवी-नववीत पोहोचली असतील तर मोठी सहल लांबवू नका, कारण दहावीनंतर सगळ्यांच्या सुट्ट्या एकत्र येणं कठीण होतं. समुद्र कधीच न पाहिलेले आई-वडील घरी असतील, तर बाकीचे हिशेब बाजूला ठेवा आणि याच मेमध्ये त्यांना रत्नागिरीला न्या. घाटाच्या पायथ्याशी एक मुक्काम जास्त धरून.