सफर अर्ध्यावर सोडताना नौका कोणाच्या हवाली करावी

सहा महिन्यांच्या सागरी सफरीच्या दहाव्या आठवड्यात मला जांघेतल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी घरी परतावे लागले आणि आमची अकरा मीटर लांबीची शिडाची नौका जवळजवळ तीन महिने एका अनोळखी गोदीत ठेवावी लागली. मालक दूर असताना नौकेची देखभाल करणाऱ्या ज्या सेवेकडे आम्ही ती सोपवली, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्या हातून झालेल्या एका गंभीर चुकीबद्दलही मला लिहायचे आहे आणि ती चूक मी कळवल्याच्या दिवशीच त्यांनी दुरुस्त केली होती. शिवाय अशा सेवा बऱ्याच मोठ्या मरिनांमध्ये, म्हणजे हौशी नौकांच्या बंदरांमध्ये, असतात; तेव्हा त्यांच्याकडून काय अपेक्षावे आणि काय लेखी घ्यावे, हेच वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

दुखण्याची सुरुवात मुख्य शीड चढवताना झाली. दोर ओढत असताना उजव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखे वाटले आणि संध्याकाळपर्यंत तिथे लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. आडवे पडले की तो आत जायचा आणि उभे राहून खोकले की पुन्हा बाहेर यायचा. उपग्रह फोनवरून आम्ही ज्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, त्यांनी फुगवटा दाबल्यावर आत जातो का, तो कडक झाला आहे का, उलट्या होतात का आणि त्यावरच्या त्वचेचा रंग बदलला आहे का, एवढेच विचारले. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतड्याचा भाग बाहेर येऊन तिथेच अडकला, तर त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो आणि मग काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. माझ्या बाबतीत तसे काही नव्हते. त्यामुळे ताबडतोब सुटकेची गरज नव्हती, पण दोर ओढणे, नांगर उचलणे आणि दोर ताणण्याची विंच फिरवणे त्या क्षणापासून बंद झाले. समुद्रात असताना असा सल्ला मिळू शकतो, हे अनेक हौशी दर्यावर्दींना ठाऊक नसते, म्हणून येथे नोंदवतो की रोममधील सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला वैद्यकीय सल्ला विनामूल्य देत आली आहे. किनारा जवळ असेल तर नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या चॅनलवर ‘पॅन-पॅन’ असा तातडीचा पुकारा करूनही वैद्यकीय मदत मागता येते.

शस्त्रक्रिया जवळच्या बंदरात करावी की घरी जाऊन, यावर आम्ही दोघांनी एक संपूर्ण रात्र विचार केला. हर्नियाच्या जागी जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया आज नेहमीची झाली आहे आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. खरा प्रश्न त्यानंतरच्या चार ते सहा आठवड्यांचा असतो, कारण त्या काळात जड उचलायचे नसते आणि नौकेवर जड नसलेले काम शोधूनच काढावे लागते. लाटेवर हलणाऱ्या शिडीवरून दिवसातून वीस वेळा वरखाली करणे हेसुद्धा टाक्यांवर ताणच आहे. घरी तारीख मिळाली ती पंधरा दिवसांनंतरची. दोन दिवसांच्या प्रवासात पत्नीने एकटीने शिडे सांभाळली, मी फक्त सुकाणू धरले, आणि आम्ही जिथे ही सेवा उपलब्ध होती त्या मरिनात शिरलो.

सेवेबद्दल माझे मत पहिल्याच संभाषणात चांगले झाले. फोन उचलणाऱ्या बाईंनी नौकेची लांबी विचारण्याआधी शस्त्रक्रियेची तारीख विचारली आणि तिथून उलटे दिवस मोजत कामांचा क्रम लावून दिला: विमान कोणत्या दिवशी, त्याआधी नौका पाण्याबाहेर कधी, त्याआधी इंजिनाचे काम कधी. मग नौका पाण्याखाली किती खोल जाते ते, तिचे वजन आणि विमा. विम्याचा प्रश्न त्यांनी काढला नसता तर तो माझ्या ध्यानातही आला नसता. वादळांच्या हंगामात नौका पाण्यात राहणार की जमिनीवर आणि तिची जबाबदारी कोणावर राहणार, हे अनेक विमा कंपन्यांना आधी कळवावे लागते, आणि मालक नसताना ठरावीक अंतराने नौकेची पाहणी झाली पाहिजे अशी अटही काही पॉलिसींत असते. त्यांनी पाहणीच्या वेळापत्रकाचे पत्र त्याच संध्याकाळी तयार करून दिले आणि आम्ही ते विमा कंपनीला पाठवले. नौकेच्या मुक्कामाची कागदपत्रे आणि आमच्या देश सोडण्याची कागदपत्रे ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, याचीही आठवण त्यांनीच करून दिली.

पाण्यात ठेवायची की बाहेर काढायची, यावर त्यांनी स्पष्ट मत दिले. तीन महिने कोणी नसणार, तर बाहेर. पाण्यातल्या नौकेला रोज शत्रू असतात: घासून झिजणारे दोर, तळात झिरपणारे पाणी, अचानक बंद पडलेला पंप. जमिनीवरच्या नौकेला मुख्यतः दोनच गोष्टींची भीती असते, वारा आणि साचलेले पाणी, आणि त्या दोहोंचा बंदोबस्त आधी करता येतो. मला हा सल्ला पटला आणि पुढे तो योग्य ठरला.

त्यानंतरचे तीन दिवस मी धक्क्यावर बसून होतो. हे वाक्य लिहिताना आजही घशाशी काहीतरी येते. मुख्य शिडाची पिशवी दोन माणसांना उचलावी लागते आणि त्या दोन माणसांत मी नव्हतो. सेवेच्या दोन कामगारांनी शीड उतरवून गोड्या पाण्याने धुतले, कारण कापडात राहिलेले मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि मग बुरशी धरते. शीड पूर्ण वाळल्याशिवाय ते घडी घालायला तयार नव्हते. दुपारी ढग आले तेव्हा त्यांनी ते तसेच छपराखाली पसरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उन्हात आणले. घडी घालताना त्यांतल्या वयस्क माणसाने शिडाच्या एका शिवणीवर बोट फिरवले, तिथे दोन टाके उसवले होते, आणि मला हाक मारून दाखवले. दहा आठवडे ते शीड रोज माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला ती उसवण दिसली नव्हती.

पुढचे गुंडाळलेले शीड त्यांनी जागेवर राहू दिले नाही, याचेही मला विशेष कौतुक वाटते. अनेक मालक ते दोराने करकचून बांधून निघून जातात. वादळात त्याचा एखादा कोपरा सुटला तर ते फडफडत उलगडते आणि टेकूंवर उभी असलेली नौका आडवी पडायला तेवढे पुरे होते. इंजिनाचे तेल त्यांनी जाण्याआधीच बदलले, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल महिनोन्‌महिने धातूला लागून राहणे चांगले नाही. समुद्राच्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुतला आणि डिझेलची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून इंधनात पाणी उतरणार नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, काढून ठेवला. त्याची पाती एकाच बाजूला दुमडून राहिली तर त्यांना तसाच आकार लागतो. कॉकपिटमधले, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतले, पाणी निघून जाण्याची छिद्रे त्यांनी काठी घालून तपासली. हे काम क्षुल्लक वाटेल, पण झाडाची चार पाने तिथे अडकली की पावसाचे पाणी कॉकपिटमध्ये साठते आणि तिथून केबिनमध्ये उतरते.

आता चूक. शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते, मी घरी पलंगावर पडून होतो, आणि त्या आठवड्याची छायाचित्रे आली. नौकेवर ताडपत्री नीट ताणलेली दिसत होती, पण उजव्या बाजूच्या मधल्या टेकूभोवती पांढऱ्या दोराची एक गाठ दिसली. छायाचित्र मोठे करून पाहिले. ताडपत्रीचा दोर थेट टेकूला बांधलेला होता. हे कधीही करायचे नसते. वाऱ्यात ताडपत्री फडफडली की दोर टेकूला सतत हिसके देतो, टेकू थोडा थोडा सरकतो आणि एका क्षणी नौकेला त्या बाजूने आधारच उरत नाही. गोदीत नौका पडण्याच्या कारणांत हे एक जुने आणि सर्वांना माहीत असलेले कारण आहे, म्हणूनच समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना जोडतात आणि ताडपत्रीचे दोर नौकेच्या पोटाखालून नेऊन दुसऱ्या बाजूला बांधतात. साखळ्या होत्या, दोर मात्र चुकीच्या जागी होता. ताडपत्री घालणारा माणूस तात्पुरता आणलेला होता, असे मला नंतर सांगण्यात आले. ते खरे असेलही, पण त्याच्या कामावर कोणाचीही नजर नव्हती आणि छायाचित्र काढणाऱ्यालाही त्यात काही वावगे दिसले नाही, ही गोष्ट मला अजून खटकते. मी फोन केला, बाईंनी कोणतीही सबब न सांगता चूक मान्य केली आणि तीन तासांत दोर हलवल्याची छायाचित्रे चारही बाजूंनी पाठवली.

त्या तीन तासांत मला टाक्यांच्या वेदनेपेक्षा अधिक त्रास झाला. आजारी माणसाने घरी पडून आपल्या नौकेची छायाचित्रे भिंगाखाली तपासावीत, अशी वेळ या सेवेने येऊ देता कामा नये. नौका सोपवण्याचा अर्थच तो आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पाहणीचा अहवाल केवळ छायाचित्रांचा नसावा. टेकू हाताने हलवून पाहिले का, तळात किती बोटे पाणी आहे, बॅटरीचा दाब किती आहे, ताडपत्रीचे दोर कुठे बांधले आहेत, हे दर आठवड्याला तारीख घालून लिहिलेले असावे. माझ्या तक्रारीनंतर त्यांनी असा तक्ता सुरू केला आणि शेवटच्या सात आठवड्यांत तो एकदाही चुकला नाही.

दुसरी तक्रार लहान आहे, पण नाकाला जाणवणारी आहे. आम्ही परत आलो तेव्हा केबिनमध्ये बुरशीचा वास होता. हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर चालू होता आणि त्याची नळी सिंकमध्ये नीट सोडलेली होती, परंतु कपाटांची दारे बंद राहिली होती आणि गाद्या उभ्या न करता जागेवरच आडव्या ठेवल्या होत्या. ओल नेमकी गाद्यांच्या खालच्या बाजूला धरते. दोन गाद्यांची खोळ फेकून द्यावी लागली. ही खबरदारी आम्हीही निघताना सांगितली नव्हती, तरीही नौका बंद करून ठेवणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडून ती आपोआप व्हायला हवी होती. डिह्युमिडिफायरच्या विजेचा खर्च मूळ अंदाजात धरलेला नव्हता, तो नंतर वेगळा लावला गेला. खर्च वाजवी होता. आधी सांगितला असता तर त्याबद्दल लिहायचे कारणही उरले नसते.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी तपासून हळूहळू वजन उचलायला परवानगी दिली आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी आम्ही गोदीत पोहोचलो. नौका पाण्यात सोडण्याची पद्धत मला फार आवडली. क्रेनच्या पट्ट्यांवरून ती खाली आली, पाण्याला टेकली, आणि तिथेच पट्टे न काढता त्यांनी तिला वीस मिनिटे धरून ठेवले. तेवढ्या वेळात तोच वयस्क कामगार आत उतरून तळाचा प्रत्येक व्हॉल्व्ह आणि इंजिनाच्या दांड्याची बाहेर जाणारी जागा विजेरी लावून तपासत होता. एका व्हॉल्व्हच्या नळीवरची पट्टी त्याने अर्धा आटा आवळली, कोरड्या कापडाने ती जागा पुसली, पाच मिनिटांनी पुन्हा हात लावून पाहिला आणि मगच वर येऊन पट्टे सोडायची खूण केली. अनेक गोद्यांत पुढची नौका रांगेत उभी असते म्हणून हे घाईघाईने उरकतात. इथे रांग होती, तरी घाई केली नाही.

ज्यांना आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे अचानक किनाऱ्यावर यावे लागते, त्यांना मी ही सेवा सुचवीन, मात्र टेकू, ताडपत्री आणि गाद्या या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात आणि साप्ताहिक तक्ता पहिल्या आठवड्यापासून मागावा. उसवलेली शिवण त्यांनी न सांगता शिवून ठेवली होती आणि तिचे पैसे लावले नव्हते. इंजिनाची किल्ली हातात घेतली तेव्हा तिला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: इम्पेलर काढला आहे, बसवल्याशिवाय सुरू करू नये. खाली तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती, आणि इम्पेलर त्याच खणात, ग्रीस लावून, पिशवीत ठेवलेला होता.