मरीन प्लायच्या नावाखाली साधा प्लाय: छोट्या शिडाच्या बोटीच्या केबिनचं काम देण्याआधी हे वाचा

मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवतात आणि केबिनची कामं त्याच महिन्यांत निघतात. फसवायलाही हाच काळ सोयीचा, कारण धो धो पावसात मालक यार्डात फारसा फिरकत नाही. 26 फुटी बोटीचं आमचं काम असंच झालं. घडीचं टेबल, दोन्ही बाजूंचे बाक, खालचे कप्पे आणि गाद्या. बिलात लिहिलं होतं: मरीन प्लाय, 316 स्टील, इपॉक्सीचे तीन कोट, 40 डेन्सिटीचा फोम. दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरली आणि होळीपर्यंत बाकाखालच्या फळ्यांच्या कडा फुगून पापुद्रे सुटले. खोलून पाहिलं तर चारही गोष्टी खोट्या. कंत्राटदाराचं नाव देत नाही, पण त्याने काय आणि कसं केलं ते सगळं सांगतो.

आधी प्लाय. मरीन प्लायसाठी भारतीय मानक आहे आयएस 710. त्यात थर फिनॉल फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनने जोडलेले असतात आणि नमुना 72 तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. घरच्या कपाटांना वापरतात तो एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय आयएस 303 मध्ये येतो. त्याचं रेझिन युरियाचं, उकळत्या पाण्यात ते टिकत नाही. आमच्या कामात टेबलाचा वरचा पृष्ठभाग खरा 710 चा होता. मालकाला दाखवायला तीच एक शीट आणली होती, शिक्का आणि सगळं. बाक आणि कप्पे मात्र एमआरचे. वर सागाचं विनिअर, आतून पांढरा रंग आणि कडांना लिपिंग, म्हणजे कड झाकणारी लाकडी पट्टी मारली की शिक्काही दिसत नाही आणि थरही दिसत नाहीत. म्हणून तपासणीची वेळ एकच: शीट कापायच्या आधी. प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्ह, आयएस 710 आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. प्रत्येकीचा फोटो घ्या आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहा. परवाना कोणत्या मानकाचा आहे तेही तिथेच कळतं. 303 चा परवाना असलेला क्रमांक 710 च्या शिक्क्याखाली छापलेला असेल तर माल परत पाठवा.

कापकामाचे तुकडे फेकू देऊ नका. तळहाताएवढा तुकडा चार तास उकळत ठेवा. एवढ्यात थर सुटले तर तो मरीन प्लाय नाही, वाद संपला. नाही सुटले तर तो 710 च आहे असं मात्र सिद्ध होत नाही. गडद तपकिरी गोंदरेषा ही चांगली खूण मानतात, पण तिच्यावर विसंबू नका, रेझिनमध्ये रंग घालता येतो. कापलेल्या कडेवर पोकळ्या दिसतात का ते नक्की बघा. घरात पोकळी चालून जाते. बोटीत तिथे खारं पाणी साचतं आणि फळी आतून कुजते.

इपॉक्सी म्हणजे लाकडात पाणी शिरू न देणारं रेझिन. त्यातली लबाडी साध्या हिशेबाने पकडता येते. एका कोटाला चौरस मीटरमागे साधारण 120 ते 150 ग्रॅम इपॉक्सी लागतं. आठ बाय चारची शीट दोन्ही बाजूंनी सहा चौरस मीटर भरते. म्हणजे तीन कोटांना शीटमागे दोन ते पावणेतीन किलो. आमच्याकडे पाच शीट लागल्या होत्या, तेव्हा दहा किलोच्या वर माल हवा. यार्डात रिकामा डबा निघाला दोन किलोचा. बाकी सगळं साधं वॉर्निश. नुकसान कडांमधून होतं, कारण प्लाय पाणी पितो तो उघड्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. भोक मोठं पाडायचं, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यातच स्क्रूचं भोक पाडायचं, ही रीत आहे. बाकाचा एखादा स्क्रू काढून बघा. भोकाच्या आत कोरं लाकूड दिसलं तर हे काम झालेलंच नाही.

स्टीलच्या बाबतीत लोहचुंबक लावून दाखवतील आणि म्हणतील, ‘बघा साहेब, चिकटत नाही, 316 आहे.’ त्याला अर्थ नाही. 202, 304 आणि 316 या स्टेनलेस स्टीलच्या तिन्ही प्रकारांना चुंबक जवळपास चिकटतच नाही. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते त्यामुळेच टिकतं. मॉलिब्डेनम ओळखायचं थेंबाचं किट मिळतं. थेंब टाकून 9 व्होल्टच्या बॅटरीचं टोक लावलं की काही सेकंदांत रंगावरून समजतं. बिजागऱ्या आणि टेबलाच्या पायाचं बेसप्लेट एवढं तरी तपासाच.

गाद्या वजन काट्यावर ठेवा. 40 डेन्सिटी म्हणजे घनमीटरमागे 40 किलो. 190 बाय 60 बाय 10 सेंटिमीटरचा फोम 40 डेन्सिटीचा असेल तर साडेचार किलोच्या आसपास भरायला हवा. आमचा भरला सव्वातीन किलो, म्हणजे 28 ची डेन्सिटी. कव्हर शिवण्याआधी वजन करा, नंतर कापडाचं वजन सांगून वेळ मारून नेतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ही केवळ पैशांची लूट नाही, यात माणसं बुडू शकतात. अनेक छोट्या बोटींत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार खालच्या खांबावरून किंवा अडभिंतीवरून (केबिनमधली बोटीला आडवी असलेली भिंत) तळाच्या कण्यापर्यंत जातो. टेबल मोठं बसावं म्हणून आमच्या कंत्राटदाराने अडभिंतीचा खालचा भाग कापला. जिथे ती बोटीच्या अंगाला फायबरग्लासने जोडलेली होती तो जोडही उडवला, सांधा सीलंटने भरून वर रंग मारला, आणि बिलात ‘स्ट्रक्चरल काम’ म्हणून वेगळे पैसे लावले. खरा जोड कसा असतो? कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोलाई, तिच्यावर 75, 100 आणि 150 मिलिमीटरच्या काचकापडाच्या पट्ट्या, रुंदी वाढवत, आणि हे अडभिंतीच्या दोन्ही बाजूंनी. कोपऱ्यात नख रुतलं तर आत सीलंट आहे. शिडं चढवल्यावर डोलकाठीला ताणून धरणाऱ्या बाजूच्या तारा सैल पडू लागल्या, केबिनचं दार अडकू लागलं किंवा डोलकाठीभोवतीचा डेक दबल्यासारखा दिसला, तर बोट बाहेर काढू नका. खांब किंवा अडभिंत हलवायचा प्रस्ताव सुताराने दिला तर सर्वेअरच्या, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, लेखी मताशिवाय हो म्हणू नका.

टेबलाचं थोडक्यात. 90 बाय 60 सेंटिमीटरचं टेबल 12 मिलिमीटर प्लायमध्ये चार-साडेचार किलोत होतं, 18 चा आग्रह धरणारा फक्त माल खपवतोय. पाया पातळ फ्लोअरबोर्डला नुसत्या स्क्रूने जोडलेला असेल तर हेलकाव्यात कोणी टेबलावर आदळताच तो उपटून निघेल. खाली 12 मिलिमीटरचा आधारतुकडा आणि आरपार बोल्ट हवेत. वस्तू घसरू नयेत म्हणून लावायची कडेची पट्टी 20 ते 25 मिलिमीटर उंच, आणि पुसायला सोपं जावं म्हणून कोपऱ्यांत मोकळी.

पैसे देण्याच्या बाबतीत ठाम राहा. प्लाय, इपॉक्सी आणि स्टील स्वतः दुकानातून स्वतःच्या नावाच्या जीएसटी बिलावर घ्या, सुताराला फक्त मजुरी द्या. एक हप्ता असा ठेवा की विनिअर चढायच्या आधी तुम्ही उघडा सांगाडा पाहिल्यावरच तो मिळेल.

फसवणूक झालीच तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे: मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बोट भाड्याने देत असाल तर व्यावसायिक वापराचा मुद्दा काढून कंत्राटदार तुमचं ग्राहक असणंच नाकारेल, तेव्हा वकिलाशी आधी बोला. शिक्का खोटा असेल तर ‘बीआयएस केअर’वरच वेगळी तक्रार करता येते. उकळलेले तुकडे, स्क्रू आणि डब्याचे फोटो तारीख घालून जपा. आणि खराब फळ्या तपासणी होण्याआधी कंत्राटदाराला ‘बदलून देतो’ म्हणून उचलून नेऊ देऊ नका, पुरावा त्यांच्याबरोबरच जाईल.