जावाचा अंगभूत लॉग हँडलर: पाया पक्का, पण फार मुका

जेडीके (जावाचा विकास-संच) 1.4 पासून जावासोबत येणारा ‘हँडलर’ हा लॉगच्या नोंदी हव्या तिथे पोहोचवणारा क्लास स्वतःचा लॉग-लेखक बनवायला उत्तम. पब्लिश (नोंद लिहिणं), फ्लश (साठलेलं बाहेर ढकलणं), क्लोज (बंद करणं) एवढ्याच मेथड ओव्हरराइड करायच्या, म्हणजे आपल्या पद्धतीने लिहायच्या. मूळ पब्लिशच्या घोषणेत ‘थ्रोज’ (मेथड कोणती चूक बाहेर फेकू शकते हे सांगणारा शब्द) नाही, त्यामुळे तिथे ‘थ्रोज आयओएक्सेप्शन’ (वाचन-लेखनातली चूक) लिहिलं की कंपाइलर अडवतो. तीच चूक रनटाइमएक्सेप्शनमध्ये (जाहीर न करता फेकता येणारी चूक) गुंडाळून फेकलं तर कंपाइल होतं खरं, पण मग एक ओळ लिहिता आली नाही म्हणून ग्राहकाचा व्यवहार कोसळतो. शहाणपण कशाला म्हणायचं ते ठरवा! त्यापेक्षा चूक पकडणाऱ्या कॅचमध्ये हँडलरचीच रिपोर्टएरर मेथड बोलवा, सोबत राइट_फेल्युअर (लिहिणं फसलं) हा कोड; ती चूक एररमॅनेजरकडे सोपवते.

खरी खोट पुढे आहे. मूळ एररमॅनेजर फक्त पहिली चूक सिस्टिम.एररवर (प्रोग्रामच्या चुका दाखवायच्या प्रवाहावर) छापतो, नंतरच्या सगळ्या गिळतो. सेटएररमॅनेजर वापरून स्वतःचा लावा. मात्र त्यातून पुन्हा त्याच लॉगरवर लिहू नका, फेरा संपत नाही.